समुद्रातलं प्लॅस्टिक गोळा करणारी बोट: बांधा, पण समुद्रासाठी नको

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही निसटलं असेल तर कळेल. तुम्ही चौघं पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात. प्रोजेक्ट म्हणून सौरऊर्जेवर चालणारी, चालकाविना फिरणारी छोटी बोट करायचं ठरवलंय. पुढे दोन हात पसरलेले, मध्ये फिरता पट्टा, पाण्यावर तरंगणारं प्लॅस्टिक उचलून मागच्या पेटीत टाकायचं. पॅसिफिक महासागरात फ्रान्सच्या तिप्पट आकाराचं प्लॅस्टिकचं बेट आहे असं वाचलंत आणि तीन गोष्टी विचारल्यात: ते बेट जहाजं लावून ओढून का काढत नाहीत, तुमची बोट अरबी समुद्रात चालेल का, आणि चाचणी जुहूला घ्यावी की अलिबागला.

मी घनकचऱ्यातली इंजिनिअर. मुंबई-ठाण्याच्या नाल्यांच्या तोंडाशी आणि खाड्यांमध्ये तरंगता कचरा अडवणं हे माझं रोजचं काम, तेव्हा उत्तर त्याच बाजूला झुकलेलं असणार. खोल समुद्रात काम करणारा माणूस कदाचित थोडं वेगळं सांगेल. पण तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे जागा. प्लॅस्टिक कुठे दाट असतं, कुठे विरळ, कुठे थांबतं, कुठे धावतं, हे एकदा कळलं की यंत्राचा आकार आपोआप ठरत जातो.

आधी ते बेट. कॅलिफोर्निया आणि हवाईच्या मधल्या त्या पट्ट्याकडे चार्ल्स मूर या दर्यावर्दीने १९९७ मध्ये पाहिलेल्या कचऱ्यामुळे जगाचं लक्ष गेलं. तिथे पाय ठेवता येईल असं काहीही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार सुमारे १६ लाख चौरस किलोमीटरमध्ये मिळून ७९ हजार टन प्लॅस्टिक आहे. आता भागाकार करा. चौरस किलोमीटरला साधारण ५० किलो, म्हणजे एकरी २०० ग्रॅम. एकरभर रानात एक रबरी चप्पल पडलेली असावी, एवढंच. त्या भागातून जाणाऱ्या जहाजावरून बहुतेक वेळ नुसतं निळं पाणी दिसतं ते यामुळेच.

आता तुमच्या भाषेत सांगते. दोन जहाजांच्या मध्ये एक किलोमीटर रुंदीचं तोंड उघडं ठेवून ताशी दीड सागरी मैलाच्या वेगाने जाळं ओढलं, तर तासाला जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटर झाडून होतं. सरासरी दाटी धरली तर हाती लागतं १४० किलोच्या आसपास. मध्यभागी दाटी जास्त असते आणि तसे दाट पट्टे शोधून तिथेच जाळं टाकलं तर आकडा वाढतो, हे खरं. पण दोन जहाजं, त्यांचं इंधन, खलाशी आणि किनाऱ्यापर्यंतची वाट हे सगळं त्याच किलोंमध्ये वाटलं जातं. बोयन स्लॅट या डच तरुणाने २०१३ मध्ये स्थापन केलेली द ओशन क्लीनअप ही संस्था हेच काम करते. त्यांचं २०१८ चं पहिलं यंत्र कोणीही न ओढता लाटा-वाऱ्यावर वाहत जाऊन प्लॅस्टिक धरेल अशी कल्पना होती. प्लॅस्टिक आत येई आणि परत बाहेर जाई. वर्षअखेरीला त्याचा एक भाग तुटला. पुढे त्यांनी जहाजांनी ओढायची लांबलचक जाळी आणली, आणि २०१९ पासून नद्यांमध्येही यंत्रं बसवायला घेतली. मला या सगळ्या गोष्टीतला हा शेवटचा टप्पा सगळ्यात बोलका वाटतो.

त्याच मोजणीतले आणखी दोन आकडे तुमच्या डिझाइनच्या कामाचे आहेत. वजनाने बघितलं तर जवळजवळ निम्मा माल, ४६ टक्के, मासेमारीची जाळी आहेत. नगांनी बघितलं तर १.८ लाख कोटी तुकड्यांपैकी ९४ टक्के तुकडे पाच मिलिमीटरपेक्षा लहान, आणि त्यांचं वजन एकूण वजनाच्या फक्त ८ टक्के. म्हणजे एका टोकाला क्रेननेच उचलावी अशी जाळ्यांची भेंडोळी आणि दुसऱ्या टोकाला साबुदाण्याहून बारीक चुरा. एकच पट्टा दोन्हींसाठी चालत नाही. चुऱ्यासाठी जाळीची भोकं बारीक केलीत की पाण्याचा रोध वाढतो, बॅटरी बसते, आणि पाण्याच्या पृष्ठभागावरच जगणारे जीव अडकायला लागतात.

हे जीव तुम्हीही पाहिले असतील. पावसाळ्यात गिरगाव किंवा जुहूला निळ्या बटणासारखी, कडेला झालर असलेली एक गोष्ट वाळूवर पडलेली दिसते, ती पॉर्पिटा. तिच्याबरोबर कधी ब्लू बॉटल येते, तिला हात लावू नका, डंख बसतो. ही मंडळी वाऱ्याने ढकलली जातात, प्लॅस्टिकही वाऱ्याने ढकललं जातं, त्यामुळे दोघं एकाच ओळीत किनाऱ्याला लागतात. तुमच्या पट्ट्याला त्यांच्यातला फरक कळणार नाही. पॅसिफिकमधल्या सफाईवर सागरी जीवशास्त्रज्ञांचा मुख्य आक्षेपही हाच आहे.

आणखी एक गोष्ट, जी पृष्ठभाग साफ करणारी सगळी यंत्रं विसरायला लावतात. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन त्याहून हलकं, ते तरंगतं. पाण्याची बाटली पेट (PET) नावाच्या प्लॅस्टिकची, घनता १.३८, ती झाकण घट्ट असेल तोवर आतल्या हवेवर तरंगते, झाकण निघालं की भरते आणि तळाला जाते. झाकण मात्र वर राहतं. किनाऱ्यावर बाटल्यांपेक्षा झाकणं जास्त सापडतात त्याचं अर्धं कारण हे आहे, उरलेलं अर्धं म्हणजे बाटलीला भंगारात भाव आहे आणि ती कोणीतरी आधीच उचललेली असते. नायलॉनचं जाळं बुडतं, पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो. जे तरंगतं त्याच्यावरही शेवाळ आणि बार्नेकल नावाचे कवचवाले छोटे जीव चढतात, वजन वाढतं, आणि तेही खाली जातं. जमिनीवरून समुद्रात एका वर्षात, २०१० साली, ४८ लाख ते १.२७ कोटी टन प्लॅस्टिक गेलं असावं असा एक बहुचर्चित अंदाज आहे. जगातल्या सगळ्या महासागरांवर मिळून तरंगणाऱ्या प्लॅस्टिकचा २०१४ चा अंदाज होता पावणेतीन लाख टनांच्या आत. मधला फरक तळाशी, किनाऱ्यांवर, कांदळवनांत आणि मोजता न येणाऱ्या चुऱ्यात गेलेला आहे. बोट कितीही चांगली केलीत तरी ती उरलेल्या थोड्याशाच भागापर्यंत पोचते.

आता आपला समुद्र. जगात कचरा साठवणारे मोठे चक्राकार प्रवाह पाच मानतात: पॅसिफिकमध्ये दोन, अटलांटिकमध्ये दोन आणि हिंदी महासागराच्या दक्षिण भागात एक. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांत तसा कायमचा भोवरा टिकत नाही, कारण मोसमी वाऱ्यांबरोबर इथले प्रवाहच उलटतात. आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतं, हिवाळ्यात उत्तरेकडे. साठायला निवांत जागा नसल्यामुळे तरंगतं प्लॅस्टिक बरंचसं परत किनाऱ्याला लागतं. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा, उंच लाटा आणि साडेचार मीटरच्या वरची उधाणाची भरती एकत्र आली की मरीन ड्राइव्ह, दादर, माहीम, वर्सोव्याला काय येऊन पडतं ते दरवर्षी बातम्यांत बघतोच.

यातला दिलाशाचा भाग असा की आपल्याकडे किनारा साफ करणं म्हणजे बऱ्याच अंशी समुद्रच साफ करणं. ओहोटीला वाळूवर पडलेली पिशवी पुढच्या भरतीला पुन्हा पाण्यात जाणार असते, मधल्या सहा तासांत ती उचलली तर एक पिशवी कायमची कमी झाली. वर्सोव्याला वकील अफरोझ शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेल्या किनारा-सफाईच्या कामाला लोक आधी फोटोपुरतं म्हणायचे. २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. तुमच्या हातात एकच रविवार असेल तर तो मी बोटीच्या चाचणीपेक्षा तिथे घालवीन. फक्त वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर घरट्यांच्या हंगामात यंत्र फिरवायचं नाही, हातानेच.

अरबी समुद्रात बोट चालेल का, याचं उत्तर तुमच्या मोटरवर अवलंबून आहे, आणि बहुधा ते नाही असं आहे. तुमच्या बोटीचा वेग सेकंदाला एक मीटर धरू. उधाणाच्या दिवशी ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी पाणी जवळजवळ तेवढ्याच वेगाने बाहेर धावतं. बोट जागच्या जागी उभी राहायलाच सगळी बॅटरी खर्च करेल. शिवाय तिथे मच्छीमारांची डोल जाळी लावलेली असतात, भरती-ओहोटीच्या धारेत तोंड करून खांबांना बांधलेली शंकूसारखी मोठी जाळी. तुमची बोट त्यात गेली तर जाळ्याचं नुकसान कोण भरणार, हे आधी ठरवा. खरं सांगायचं तर आपल्या खाड्यांतलं सगळ्यात मोठं प्लॅस्टिक पकडणारं यंत्र ही डोलच आहे. तिच्यात आलेला जवळा टोपलीत ओतला की ओल्या जवळ्याच्या रंगाचे पारदर्शक तुकडे त्यात मिसळलेले असतात. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, वेफर्सच्या पाकिटाची फाटकी पट्टी, गुटख्याची पुडी. डोळ्यांना ते लवकर दिसत नाहीत, बायका बोटांनी चाचपून वेगळे काढतात. ही मजुरी कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. केरळमध्ये २०१७ पासून नीण्डकरा बंदरावर मच्छीमारांच्या जाळ्यात आलेलं प्लॅस्टिक किनाऱ्यावर घेऊन, त्याचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात वापरायचा कार्यक्रम सुरू झाला. आपल्या बंदरांवर असं काही नेटाने चालावं असं मला फार वाटतं, कारण पकडण्याचं काम आधीच झालेलं आहे, घेणारा फक्त हवा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, खोल समुद्रात माल फार विरळ, आपल्या समुद्रात तो फिरून किनाऱ्याला येतो, आणि खाडीत पाणी तुमच्या बोटीहून दांडगं. मग दाट माल, ठरलेली वाट आणि आवाक्यातला वेग हे तिन्ही कुठे मिळतं? नाल्यात आणि छोट्या शहरी नदीत. २०१७ च्या सुमाराला असं मानलं जायचं की जगातल्या मोजक्या दहा मोठ्या नद्याच बहुतेक प्लॅस्टिक आणतात. २०२१ च्या अभ्यासाने ते चित्र बदललं: समुद्रात जाणाऱ्या नदीतल्या प्लॅस्टिकपैकी ८० टक्के हजाराहून जास्त नद्यांमधून येतं, आणि त्यात दाट वस्तीतून, भर पावसाच्या प्रदेशातून वाहत समुद्राला लवकर भेटणाऱ्या छोट्या नद्या सगळ्यात वर आहेत. त्या यादीत आपली उल्हास नदी अगदी वरच्या क्रमांकांत आहे. कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण असा तिचा रस्ता डोळ्यांसमोर आणलात तर नवल वाटणार नाही.

अशा जागी आम्ही बोट फिरवत नाही, ट्रॅश बूम टाकतो. तरंगते ड्रम किंवा पाइप दोरखंडात ओवलेले, खाली पाण्यात लोंबणारा जाळीचा पडदा. पाणी कचरा घेऊन येतं, आपण थांबायचं. ऐकायला सोपं आहे. बूम प्रवाहाला काटकोनात टाकला की मध्ये पोट येतं, कचरा तिथेच दाटतो आणि पहिल्या मोठ्या पावसात नांगर उपटून सगळं पुढे जातं. म्हणून तो तिरका टाकायचा, कचरा घसरत एका काठाला यावा, आणि त्या काठाला जेसीबी किंवा माणसं पोचतील असा रस्ता हवा. भरतीच्या नाल्यात पाणी दिवसातून दोनदा उलटं वाहतं, तेव्हा पडदा दोन्ही बाजूंनी धरणारा हवा, आणि ओहोटीला तो चिखलात बसला तरी पुन्हा उचलला गेला पाहिजे. बाल्टिमोरच्या बंदरात २०१४ पासून नदीच्या तोंडाशी उभं असलेलं एक पाणचक्कीचं यंत्र आहे, मिस्टर ट्रॅश व्हील. बूम कचरा त्याच्याकडे आणतो, नदीच्याच जोरावर आणि सौर पॅनेलवर पट्टा फिरतो. त्याचे फोटो नीट बघा. तुमच्या पट्ट्याचं कौशल्य अशा एका जागी उभ्या यंत्रात जास्त कामी येईल.

बूममध्ये अडकतं काय, तर वजनाने सगळ्यात जास्त जलपर्णी. मग लाकूडफाटा, नारळ, थर्माकोल, चपला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून पुलावरून टाकलेलं निर्माल्य, आणि या सगळ्यात गुंतलेली पाकिटं. त्यामुळे कोणी "इतके टन कचरा काढला" म्हणालं की मी आधी विचारते, त्यात पाणी आणि पानं किती? कंत्राटाचे पैसे टनावर ठरवले की गाळ आणि जलपर्णी उचलली जाते, थर्माकोल वाऱ्यावर राहतो, कारण त्याला वजनच नाही. तुमच्या प्रोजेक्टच्या अहवालात कृपा करून सुकवून, वेगळं करून वजन लिहा, आणि नग मोजा.

काढलेल्या मालाचं करायचं काय, हा प्रश्न परीक्षक विचारतील आणि विचारायलाच हवा. बाटली, दुधाची पिशवी, जाड डबा यांना भाव आहे, त्या पाण्यात पोचायच्या आधीच कचरावेचक उचलतात. पाण्यात येतं ते कोणाला नको असलेलं: अनेक थरांची पाकिटं, शाम्पूची पाऊचं, मळलेल्या पातळ पिशव्या. चिखलात भिजल्यावर भंगारवाला त्यांना हातही लावत नाही. फार तर सुकवून सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात, नाहीतर डम्पिंगवर. राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली, देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली, पण ही पाकिटं त्या यादीत नाहीत. तुमच्या शहरात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा घेते. नदीत जाण्याआधी प्लॅस्टिक अडवण्याचं पुण्यातलं सगळ्यात मोठं यंत्र ते आहे, असं माझं मत. प्रोजेक्टसाठी त्यांच्यापैकी कोणाशी तरी अर्धा तास बोला.

आणि आता जुहू की अलिबाग. दोन्ही नको. पुण्यातलं पाणी अरबी समुद्रात जातच नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत शिरते, पुढे कृष्णा आणि मग बंगालचा उपसागर. तिथवर जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणांची रांग आहे. पुण्याच्या पुलावरून पडलेलं पाकीट समुद्रापर्यंत पोचण्याची शक्यता फार कमी, ते उजनीच्या फुगवट्यात, गाळात किंवा काठच्या झुडपात राहतं. समुद्रासाठी काही करायचं म्हणून सह्याद्री उतरायची तुम्हाला गरज नाही, घाटाच्या या बाजूला गोड्या पाण्यात हाच प्रश्न उभा आहे. आणि इथे बोटीला खरंच जागा आहे: पाषाणसारखा तलाव, धरणाच्या फुगवट्याचा कोपरा, म्हणजे जिथे पाणी थांबलेलं आहे आणि वारा कचरा एका काठाला लावतो. किनाऱ्यावर चाचणी करायचीच झाली तर बंदराच्या भिंतींच्या आतलं शांत पाणी बघा, तिथे कोपऱ्यात कचरा साठलेला असतो.

तलावासाठी दोन बदल सुचवते. बोट ढकलणारा पाण्यातला पंखा काढून वल्ह्यांचं चाक लावा, कारण पहिल्याच फेरीत पंख्याला पिशवी आणि जलपर्णीचे तंतू गुंडाळले जातील. आणि पेटी बोटीवर ठेवण्याऐवजी मागे ओढायची जाळीदार पिशवी ठेवा, भरली की काठाला सोडून दुसरी लावायची. पाण्याने भरलेला कचरा बोटीवर चढवला की बोट एका बाजूला कलते.

परवानगीचं मी नक्की सांगू शकत नाही, जागेप्रमाणे बदलतं. तलाव महापालिकेचा असेल तर तिथे, धरण किंवा नदीपात्र असेल तर जलसंपदा विभागाकडे, खाडीत मेरीटाइम बोर्ड आणि कांदळवन असेल तर वनखात्याचा कांदळवन कक्ष. पत्रात बोटीपेक्षा काढलेला कचरा कुठे जाईल ते आधी लिहा, फाइल त्याच्यावरच अडते.

बांधायला घेण्यापूर्वी मोजणी करा. एका पुलावर उभं राहून, पात्राचे चार-पाच भाग पाडून, प्रत्येक भागाखालून दहा मिनिटांत किती नग तरंगत गेले ते प्रकारवार लिहायचं. नद्यांवर संशोधक हीच साधी पद्धत वापरतात. उन्हाळ्यात एकदा, पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच एकदा, आणि ऑगस्टमध्ये एकदा. उन्हाळाभर कोरड्या नाल्यात साठलेलं पहिला पाऊस एकदम घेऊन येतो, तो आकडा बाकी दोन्हींना मागे टाकेल. खडकवासल्यातून विसर्ग वाढल्याची सूचना आली की पात्रात उतरू नका, भिडे पुलासारख्या पाण्याखाली जाणाऱ्या पुलावर तर नकोच, उंच पुलावरूनच मोजा. पाणी ओसरल्यावर काठच्या झाडांना आणि कठड्यांना काय लटकलंय त्याचे फोटो घ्या. किती उंचीपर्यंत लटकलंय त्यावरून बूमला दोर किती लांब लागेल ते काढता येतं.